मलकाप्पांच्या नावापुढचा शब्द

कुरुंदवाड,
९ जानेवारी २०२४

मा. चिटणीस,
करवीर वंशावळ अभ्यास मंडळ,
राजारामपुरी, कोल्हापूर यांस,

शरणु शरणार्थ.

गेल्या महिन्यात कळंब्याच्या मंगल कार्यालयात आवटी घराण्याचं संमेलन झालं. मंडळाने तयार केलेली वंशावळ तुम्ही तिथे माइकवरून वाचलीत. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. नात सुष्मिता बरोबर होती. तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही.

तुम्ही वाचलंत, "मलकाप्पा चन्नाप्पा आवटी, कुरुंदवाड. निर्वंश." शेवटच्या शब्दाला तुम्ही आवाज खाली घेतलात. शेजारच्या बाईने च्च केलं आणि मला म्हणाली, "वाईट की हो. नाव घ्यायलाबी कोण उरलं न्हाय." मी म्हणाले, "व्हय की." दुसरं काय म्हणणार? मलकाप्पा माझे वडील.

आम्ही तिघी बहिणी. मधली महादेवी वारली. थोरली गंगव्वा कागलला असते आणि धाकटी मी. व्यासपीठामागे तुम्ही झाडाचं मोठं फ्लेक्स लावलं होतं. प्रत्येक पुरुषाला एक हिरवं पान, आणि ज्याचा वंश संपला त्याला पिवळं. वडिलांचं पान पिवळं होतं. त्यांचा तेलाचा घाणा होता. अंगाला तेल लागून माणूस कायम चकाकायचा. त्यांना वाळलेलं कुणी पाहिलं नाही, ते तुमच्या झाडावर पाहायला मिळालं.

विनंती एवढीच आहे. पुढच्या संमेलनात तो शब्द वाचू नये. त्या जागी आम्हा बहिणींची नावं वाचावीत आणि मला उभं राहू द्यावं. मी ऐंशीच्या पुढे आहे, तेव्हा जरा लवकर ठरवावं.

आधी फोन केला होता. तोंडी माहिती चालत नाही, पत्राने कळवा, असं सांगण्यात आलं. म्हणून हे पत्र.

शांतव्वा मगदूम
(निवृत्त शिक्षिका)


कोल्हापूर,
२३ जानेवारी २०२४

श्रीमती शांतव्वा मगदूम यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. समितीपुढे ठेवले.

वंशावळ पित्याकडून पुत्राकडे जाते. विवाहानंतर कन्येची नोंद पतीच्या घराण्यात होते. त्यामुळे आपले नाव मगदूम घराण्याच्या वंशावळीत 'पत्नी' या नात्याने येईल. मगदूम घराण्याने मंडळाकडे अर्ज केल्यास ते काम आनंदाने हाती घेऊ. 'निर्वंश' हा आमच्या कामातला नेहमीचा शब्द आहे. त्यात कोणाचाही अनादर नाही.

मंडळाची साधने आपणांस ठाऊक नसावीत, म्हणून लिहितो. दर गुरुवारी संध्याकाळी आमचे सभासद लोकांचे मोडी कागद विनामूल्य वाचून देतात. जुन्या शाळांतील दाखले, समाध्यांवरील लेख आणि दारोदार फिरून घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणाऱ्या हेळव्यांचे कथन, असा मोठा संग्रह मंडळाकडे आहे. आवटी घराण्याचे झाड मुख्यतः कल्लाप्पा हेळवी यांच्या तोंडून उतरवून घेतलेले आहे. या सर्व साधनांत हीच पद्धत आहे. ती मंडळाने निर्माण केलेली नाही.

गैरसमज नको म्हणून आणखी एक. मंडळाची वंशावळ वारसाहक्कासाठी ग्राह्य धरली जात नाही. आपला प्रश्न जमिनीसंबंधी असल्यास एखाद्या वकिलांचा सल्ला घ्यावा.

आपला,
अमरेश आवटी
चिटणीस


कुरुंदवाड,
३० जानेवारी २०२४

श्री. अमरेश आवटी यांस,

जमिनीचं तुम्ही काढलंत. मी काढलं नव्हतं. आता निघालंच आहे तर ऐका.

वडील गेल्यावर घाण्याची जागा आणि मळा चुलतभावांना हवा होता. आम्ही तिघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. भांडलो नाही, रडलो नाही, सही करून त्यांच्या घरी जेवून आलो. त्या कागदावर आमची नावं आहेत, 'मयत मलकाप्पा यांच्या वारस मुली' अशी, ठळक अक्षरांत. म्हणजे सह्या घेताना आम्ही वंश होतो आणि नावं वाचताना नाही. ही पद्धत मंडळाने निर्माण केली नाही हे मान्य. पण माइक मंडळाच्या हातात होता.

तुम्ही म्हणता तोंडी माहिती चालत नाही. मग हेळव्याची कशी चालली? हेळव्याचं तोंड चालतं आणि मुलीचं चालत नाही, असा नियम असेल तर तोही लिहून कळवा.

आता वडिलांचं सांगते. मी चौथीत असेन. सोप्यात सगळे आवटी जमले होते. दत्तक घे म्हणून वडिलांना गळ घालायला आले होते. मुलगाही ठरवून आणला होता, चुलतभावाचा, नाक वाहणारा. थोरले काका म्हणाले, "मलका, नाव कोन चालवनार तुजं?"

वडील म्हणाले, "तीन हायत की."

"पोरी हायत त्या."

"मग? मी काय म्हशी म्हनलो?"

हसं झालं. काका उठून गेले. वर्षभर आमच्या घाण्यावर एकाही आवटीने तेल काढून घेतलं नाही. वडिलांनी ते सोसलं, पण दत्तक घेतला नाही. घेतला असता तर आज तुमच्या फ्लेक्सवर त्यांचं पान हिरवं असतं. दुसऱ्याचं पोर घेतलं तर हिरवं आणि स्वतःच्या तिघी असून पिवळं. हे झाड कुठल्या मातीत वाढतं ते मला एकदा दाखवा.

शिवरात्रीच्या सुमाराला कल्लाप्पा हेळवी आमच्या दारात येतो. त्याच्याकडून तुम्ही पिढ्या घेतल्या म्हणता, तर या वेळी माझ्या घरी बसून घ्या. चहा माझा.

तुम्हाला मुलंबाळं काय आहेत?

शांतव्वा मगदूम


कोल्हापूर,
१९ फेब्रुवारी २०२४

श्रीमती शांतव्वा मगदूम यांस,
स. न. वि. वि.

दत्तकाचा मुद्दा मी गुरुसिद्धअण्णांपुढे मांडला. गुरुसिद्ध आवटी आमच्या घराण्यातले आज सर्वांत वडीलधारे. शिरोलीत त्यांची फौंड्री आहे आणि संमेलनाचा सगळा भार ते उचलतात. त्यांचे म्हणणे असे : "एकीला घेतलं की समद्या येत्यात. मग झाड ऱ्हात न्हाय, जंगल हुतंय." हे मी जसेच्या तसे कळवत आहे. माझे मत विचारले गेलेले नाही.

हेळव्यांचे कथन पुन्हा ध्वनिमुद्रित करणे मंडळाच्या कामात बसते. दोन वर्षांपूर्वी आम्ही कल्लाप्पांना कागलला गाठले होते. ते तासन्‌तास सांगू लागले. लेकी, सुना, त्यांची माहेरं, कोणाला कुठे दिली, कोणाच्या लग्नात काय झाले. झाडावर तेवढे मावणारे नव्हते, म्हणून आम्ही त्यांना फक्त पुरुषांची नावे क्रमाने सांगायला सांगितली. या वेळी पूर्ण मुद्रण करू. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येतो.

माझ्या मुलाबाळांचा या विषयाशी संबंध नाही.

आपला,
अमरेश आवटी


कुरुंदवाड,
१४ एप्रिल २०२४

श्री. अमरेश यांस,

तुम्ही येऊन गेलात त्याला महिना उलटला. पत्र नाही.

कल्लाप्पा आधी तुमच्यावर खूश होता. त्याचा आजा बैलावर बसून यायचा, तो मोटरसायकलवरून येतो आणि हेल्मेट काढल्याशिवाय पिढ्या सुरू करत नाही. अर्धं कानडी, अर्धं मराठी, मध्येच चहा. तुम्ही फोन समोर ठेवून वहीत लिहीत होतात. एका ठिकाणी तुम्ही त्याला थांबवलंत. परत सांगायला लावलंत. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तो चिडला. त्यानंतर तुम्ही वही मिटलीत आणि जेवायला न थांबता निघालात. मी पोळ्या केल्या होत्या. कल्लाप्पाने तुमच्याही खाल्ल्या.

काय झालं ते मी विचारत नाही.

दुसरी गोष्ट कळवायची आहे. कागलला गंगव्वा गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. तुम्ही माइकवर वाचलंत की मलकाप्पांचा वंश नाही. त्या नसलेल्या वंशातलं एक माणूस गेलं. आता नसलेली मी एकटी उरले.

समाधी दिली तेव्हा कागलच्या घरचे विचारत होते, माहेरचं कोणी आलंय का? मी पुढे झाले. जंगमस्वामींनी माझ्या हातून बेल घेतला. त्यांनी नियम विचारला नाही.

शांतव्वा मगदूम


कोल्हापूर,
२ मे २०२४

श्रीमती शांतव्वा मगदूम यांस,

गंगव्वांच्या निधनाची वार्ता वाचून वाईट वाटले. मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो. सभासदांनी विचारले कोण, तेव्हा मी नातलग म्हणालो.

कल्लाप्पांनी सांगितलेल्या काही तपशिलांची पडताळणी सुरू आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय काही लिहिणे योग्य होणार नाही. आपला अर्ज विचाराधीन आहे.

ऊन फार आहे. दुपारी बाहेर पडू नये.

आपला,
अमरेश आवटी


कुरुंदवाड,
११ ऑगस्ट २०२४

श्री. अमरेश यांस,

पुराचं पाणी गल्लीत होतं. आम्ही वरच्या अंगाला शाळेत जाऊन राहिलो. मी ज्या वर्गात शिकवत होते त्याच वर्गात सतरंजी टाकून झोपले. फळ्यावर पोरांची बेरीज तशीच होती, चुकलेली. दुरुस्त करून आले. आता पोस्ट सुरू झालं आहे, म्हणून लिहिते.

'विचाराधीन' हा शब्द मी आयुष्यभर सरकारी कागदांवर वाचला आहे. त्याचा अर्थ मला सांगू नका.

कल्लाप्पा जे बोलला ते मी चहा गाळता गाळता ऐकलं. कानडी मला तुमच्यापेक्षा बरं येतं. तो म्हणाला, कुरुंदवाडच्या आवटींचा मूळपुरुष ईराप्पा. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, नीलव्वा. तिला त्याने दिली नाही, तिच्यासाठी हुक्केरीहून जावई आणून घरात ठेवला. तो बसलिंगाप्पा. पोरांनी आजोळचं नाव लावलं आणि आवटी पुढे चालू राहिले. तुमच्या फ्लेक्सवर बसलिंगाप्पा हा ईराप्पाचा मुलगा आहे. सगळ्यांत खालच्या खोडावर, जाड अक्षरांत.

तुम्ही कल्लाप्पाला विचारलंत, आधी असं का सांगितलं नाहीस? तो काय म्हणाला ते तुम्ही वहीत लिहिलं नाहीत, पण मला पाठ आहे. "गडीमानसं तेवढी सांगा म्हनलासा, सांगितली. ईराप्पामागं घरात गडी कोन, तर बसलिंगाप्पा. त्येचा बाप कोन म्हून कुठं इचारलासा? नीलव्वा काडून टाकली तुमी, आनि आता मलाच इचारतासा व्हय?"

तुमच्याच नियमाने वाचा, अमरेश. ईराप्पा आवटी, निर्वंश. पान पिवळं. आणि त्या पानाच्या वर जेवढी हिरवी आहेत ती सगळी हुक्केरीची. फौंड्रीसकट.

हे मी पहिल्याच दिवशी लिहू शकले असते. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून थांबले. मास्तरीण आहे. उत्तर येत असलेल्या पोराला बाकावर उभं करून थांबायची मला सवय आहे.

मला कोणाचं पान तोडायचं नाही. माझ्या बापापुढचा शब्द काढा आणि मला उभं राहू द्या. पहिल्या पत्रातही मी हेच मागितलं होतं.

मुलंबाळं काय आहेत ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

शांतव्वा मगदूम


कोल्हापूर,
२५ नोव्हेंबर २०२४

शांतव्वा आत्ती यांस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. त्याचं कारण पडताळणी नव्हतं.

तरी पडताळणी केली. हुक्केरीला जाऊन आलो. तिथे बसलिंगाप्पाच्या भावांचा वंश अजून आहे. त्यांच्याकडे ही गोष्ट घरातली म्हणून सांगतात : आमचा एक जण कुरुंदवाडला सासऱ्याच्या घरी राहायला गेला आणि आवटी झाला. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. उलट, कोल्हापूरची आवटी मंडळी कधी येत कशी नाहीत, असं मलाच विचारलं.

मग गुरुसिद्धअण्णांकडे गेलो. ते फौंड्रीत होते. सगळं ऐकून म्हणाले, "आनि कुनाला ठावं हाय हे?" मी म्हणालो, कल्लाप्पाला, हुक्केरीकरांना आणि कुरुंदवाडच्या शांतव्वांना. ते म्हणाले, "तर मग कोल्हापुरात कुनाला न्हाय. तसंच ऱ्हाऊ दे. घरजावयाची पिलावळ म्हनून घ्यायची हौस हाय तुला? फ्लेक्स छापाय टाकलाय." मी त्यांना म्हणालो की वाचन मी करतो, त्यामुळे माझ्या तोंडून काय बाहेर पडतं त्याला मी जबाबदार आहे. त्यावर त्यांनी चहा सांगितला. म्हणजे बोलणं संपलं.

संमेलन रविवारी, २२ डिसेंबरला, कळंब्यालाच. वाचन ठीक अकराला. मी नियमाप्रमाणेच वाचणार आहे, एका अक्षराने इकडेतिकडे नाही. याहून अधिक आत्ता लिहीत नाही. या.

आपला,
अमरेश


कुरुंदवाड,
९ डिसेंबर २०२४

अमरेश यांस,

येता येणार नाही. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. इचलकरंजीला ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून मोरीपर्यंत जाते आणि येते. डॉक्टर म्हणाले, गाडीत बसायचं नाव काढायचं नाही. मी त्यांना सांगितलं की काढायचं आहे ते नाव वेगळं आहे. त्यांना कळलं नाही, सुष्मिता हसली.

ती म्हणते, तिकडून कोणीतरी फोनवर दाखवेल. मी नको म्हणाले. तोंडी माहिती चालत नाही असं मंडळाचं म्हणणं आहे, तर फोनवरची उपस्थिती तरी कशी चालावी? काय झालं ते पत्राने कळवा. पत्राने सुरू झालेलं पत्राने संपू दे.

आणि नियमाप्रमाणे वाचणार म्हणजे काय, ते मला नीट कळलेलं नाही. नियमाप्रमाणे तुम्ही मागच्या वर्षीही वाचलं होतंत. तुम्ही कच खाल्लीत असं समजू का? तसं असेल तरी या पत्राचा राग धरू नका. औषधाने डोकं जड असतं.

वरती आत्ती लिहिलंत ते सुष्मिताकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा सापडत नाही म्हणाले. उशाखालीच होता.

शांतव्वा


कोल्हापूर,
२४ डिसेंबर २०२४

शांतव्वा आत्ती यांस,
सा. न. वि. वि.

घडलं तसं लिहितो.

अकराला वाचनाला उभा राहिलो. आवटींचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला याचंच लोकांना नवल. मागे नवीन फ्लेक्स होतं, मागच्यापेक्षा मोठं. मी वाचलं, "मूळपुरुष ईराप्पा आवटी, कुरुंदवाड. पुत्र नाही. एक कन्या, नीलव्वा. मंडळाच्या नियमानुसार कन्या वंशात धरली जात नाही. निर्वंश." मग कागद मिटला आणि म्हणालो, "वाचन संपलं. जेवणाची व्यवस्था डाव्या बाजूला आहे."

मागच्या रांगेत दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, यंदा आटोपशीर ठेवलंय.

गुरुसिद्धअण्णा पहिल्या खुर्चीवर होते. म्हणाले, "अरे वाच की फुडं."

"फुडं काय न्हाय, अण्णा. वंश संपला."

"मग ही येवडी मानसं बसल्यात ती कोन हायत?"

"त्येच ठरवायचं हाय."

त्यानंतर बराच वेळ कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. बसलिंगाप्पाची गोष्ट मी पूर्ण सांगितली, हुक्केरीसकट. कोणी म्हणालं कल्लाप्पा पिऊन सांगतो. कोणी म्हणालं आमी हुक्केरीचे पावणं व्हय? एका तरुणाने ओरडून विचारलं की मग यंदा जावयाचा आहेर मिळणार का? कागलचे एक काका मुलांना घेऊन निघाले. जाताना मला म्हणाले, "आज नाव घालतासा, उद्या सातबाऱ्यावर येतील." मी त्यांना तुमच्या हक्कसोडपत्राबद्दल सांगितलं. ते न जेवता गेले.

बायका बसून होत्या. एकही उठली नाही आणि एकही जेवायला गेली नाही. त्या हलेनात म्हणून पंगत बसेना, आणि आचारी दोनदा येऊन बघून गेला.

अण्णा खुर्चीवर बसून फ्लेक्सकडे बघत होते. मग उठले, माझ्याकडून माइक घेतला आणि म्हणाले, "नीलव्वाला धरा. तिला सोडलं तर मलाच उभं ऱ्हायाला जागा न्हाय."

मी म्हणालो, "तिला धरलं तर समद्यास्नी धरायला लागंल."

"धर. पर जेवल्यावर. भात गार व्हाय लागलाय."

वाचन दुपारी परत सुरू केलं. मुलींची नावं माझ्याकडे थोडीच होती. बसल्या जागेवरून बायका सांगू लागल्या, मी लिहीत गेलो आणि वाचत गेलो. जी उभी राहील तिला टाळ्या. काही नवरे खाली बघत होते, काहींनी फोटो काढले. दिवे लागले तरी संपलं नाही, राहिलेलं पुढच्या वर्षावर टाकलं. अण्णा शेवटपर्यंत बसले. मला एकदाही शाबास म्हणाले नाहीत. जाताना म्हणाले, फ्लेक्सचा खर्च वाया घालवलास.

तुमच्या वडिलांचं नाव दुपारच्या वाचनात आलं. मी वाचलं, "मलकाप्पा चन्नाप्पा आवटी, कुरुंदवाड. कन्या तीन. गंगव्वा, कागल, लिंगैक्य. महादेवी, लिंगैक्य. शांतव्वा, कुरुंदवाड." नाव घेतलं की माणूस उभं राहीपर्यंत थांबायचं, ही आपली पद्धत. मी थांबलो. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "गेल्या साली माज्याजवळ बसलेली ती तर न्हवं?" कोणीतरी म्हणालं, फुडं चला. मी आणखी थोडा थांबलो, मग पुढे गेलो.

फ्लेक्सवर मलकाप्पांचं पान पिवळंच होतं. रात्री कार्यालयवाल्याने ते फ्लेक्स भांड्यांवर झाकायला नेलं.

तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून. मला एकच मुलगा, विश्वजित. पुण्याला असतो आणि लग्न करायचं नाही म्हणतो. मला मुलगी असेल आणि म्हणून आज ना उद्या मी विरघळेन, असा तुमचा अंदाज असेल तर तो चुकला.

आपला,
अमरेश


कुरुंदवाड,
२ जानेवारी २०२५

चि. अमरेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सुष्मिताने मोठ्याने वाचलं. मग तिला बाहेर पाठवून मी एकटीने वाचलं. अंदाज मुलीचाच होता. चुकला. मास्तरणींचेही चुकतात.

आता इकडचं ऐक. अकराला वाचन, असं तू लिहिलं होतंस. त्या रविवारी मी लवकर आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि अकराला वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सुष्मिता म्हणाली, "अज्जी, काय करायलीस?" मी म्हणाले, "वाचन चाललंय." तिने खुर्ची आणून मागे ठेवली, मी बसले नाही. वडिलांचं नाव यायला किती वेळ लागतो ते मागच्या वर्षी लक्षात ठेवलं नव्हतं. मध्येच येऊन गेलं आणि मी बसलेली असले तर? म्हणून पाय थरथरायला लागेपर्यंत उभी राहिले. मग आमटीभात खाल्ला, गोळी घेतली आणि झोपले. म्हणजे दुपारी तू माझं नाव घेऊन थांबलास तेव्हा मी घोरत होते.

वाईट वाटलं. सकाळी परत तुझं पत्र काढलं आणि वेळ लावून पाहिली. अकराला तू तिकडे सांगत होतास की आवटींचा वंश संपला, पुढे कोणी नाही. भरलेलं कार्यालय बसून ऐकत होतं. त्या वेळेला, कळंब्यापासून कुरुंदवाडपर्यंत, आवटींमधली नावासाठी उभी अशी मी एकटीच होते.

पुढच्या वर्षी मी येते. माझं नाव जेवणाआधी घे. जेवल्यावर मला जाग राहत नाही.

तुझी आत्ती,
शांतव्वा